पन्नाशीतला बागुलबुवा

गेल्या महिन्यात जबलपूरहून एका भगिनींचे पत्र आले. आखीव कागदाची चार पाने, जुन्या वळणाचे टपोरे अक्षर, आणि अखेरीस विनंती की, नाव छापू नये. ती इच्छा मी अर्थातच पाळणार आहे. परंतु पत्रातील मजकूर इतका मोलाचा वाटला की, तो आपणां सर्वांपुढे ठेवण्याची परवानगी मी त्यांच्याकडून मागून घेतली.

भगिनींचे वय ६३. यजमान जाऊन दोन वर्षे झाली. मुलगा, सून, नातू असे भरले घर आहे आणि कोणी वाईट वागवीत नाही. मात्र यजमान गेल्यापासून रात्री दिवा मालवला की त्यांच्या छातीत धडधड सुरू होते, तळहातांना घाम सुटतो आणि खोलीत कोणीतरी उभे आहे असे वाटू लागते. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नाही. कोण उभे आहे असे विचारले तर त्यांना सांगताही येत नाही. म्हणून त्या दिवा चालू ठेवून झोपतात. मुलगा विजेच्या बिलावरून थट्टा करतो, नातू ‘घाबरट आजी’ म्हणतो, त्याही हसतात आणि वेळ मारून नेतात. गेल्या वैशाखात नागपूरला भाचीचे लग्न होते. कार्यालयात पंधरा बायकांबरोबर अंधारात निजावे लागेल, या एका धास्तीने त्यांनी गुडघ्याचे निमित्त सांगितले. जिला अंगाखांद्यावर खेळविले तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला त्या गेल्या नाहीत. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘हा आजार म्हणावा की माझा खुळेपणा? आणि या वयात हे सांगायचे तरी कोणाला?’

पत्र मी तीनदा वाचले. उत्तर देण्याचा अधिकार मला माझ्या पदवीने मिळालेला नाही. मी शाळामास्तर, वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रजेच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्यापुरता. माझा अधिकार निराळाच आहे. माझे वय ५६, मी एका शासकीय शाळेचा मुख्याध्यापक आहे, आणि मला अंधाराची भीती वाटते.

हे एक वाक्य लिहायला मला या स्तंभाची नऊ वर्षे लागली. या अवधीत मी आपणांस शुद्धलेखन सांगितले, परीक्षेच्या दिवसांत मुलांशी कसे वागावे ते सांगितले, परमुलखात घरातली मराठी कशी टिकवावी यावर तर तीन लेख लिहिले. स्वतःच्या घरातल्या दिव्याखाली काय आहे, ते मात्र कधी सांगितले नाही.

माझे वडील १९५६ साली नागपूरहून भोपाळला आले. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर कितीतरी मराठी कारकुनांची बिऱ्हाडेही इकडे आली. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्याची कथा याहून फार वेगळी नसेल. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरात माझा जन्म झाला. घर लहान आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे एकट्याने निजण्याचा प्रसंग लहानपणी आलाच नाही. माझी भीती उघडी पडली ती नोकरी लागल्यावर. रायसेन जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहिली नेमणूक झाली. भाड्याची एक खोली, मागे अंगण, अंगणापलीकडे न्हाणी. न्हाणीपर्यंत बावीस पावले होती. मी ती दिवसा मोजली होती, कारण रात्री ती चालावी लागू नयेत म्हणून तिन्हीसांजेपासूनच मी पाणी पिणे सोडून दिले होते.

पुढे २००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि मध्य प्रदेशात विजेची किती ओढाताण झाली, हे आपणांस स्मरत असेल. वीज, रस्ते आणि पाणी या तीन प्रश्नांवर २००३ ची निवडणूक लढली गेली. तासन्‌तास दिवे जात. सारे गाव वैतागत असे. मी मात्र घाबरत असे. उशाशी विजेरी, सदऱ्याच्या खिशात काडेपेटी, आणि ओठांवर एखादी सबब तयार. कधी ‘उंदीर फार झाले आहेत’, कधी ‘पेपर तपासायचे राहिले आहेत’. पेपरांच्या सबबीमुळे मला कष्टाळू शिक्षक अशी कीर्तीही लाभली. भीतीने माणसाचा असा लौकिक वाढल्याचे उदाहरण विरळाच.

लग्नानंतर चार-पाच दिवसांतच सौ.च्या ही गोष्ट लक्षात आली. तिने काही विचारले नाही. बाजारातून हिरव्या रंगाचा झीरोचा बल्ब आणला आणि माझ्या आईला सांगून टाकले, ‘आई, मला बाई मिट्ट काळोखात झोपच येत नाही.’ तो हिरवा दिवा आमच्या खोलीत २८ वर्षे जळतो आहे. तिला अंधारातच उत्तम झोप येते, हे मला पुष्कळ वर्षांनी तिच्या बहिणीकडून कळले.

ही भीती आली कोठून, याचा शोध घेण्यात मी बराच काळ घालविला. बऱ्हाणपूरला आजोळी एकदा कोठीच्या खोलीत खेळत असता बाहेरची कडी पडली आणि अर्धा तास आत अडकून राहिलो, एवढे आठवते. हेच कारण असे मी धरून चाललो होतो. मात्र त्या दिवशी कोठीत माझी धाकटी बहीणही होती. ती आज घरातले सारे दिवे मालवून खुशाल घोरते. तेव्हा कारणाचा नाद मी सोडला. एकाच पावसात भिजलेल्या दोघांपैकी एकालाच पडसे होते, तसाच हा प्रकार.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सौ.ला सोडून कोणाला ठाऊक नाही. सात वर्षांपूर्वी मुलांचे शिबिर घेऊन आम्ही पचमढीला गेलो. मुलांची निजण्याची खोली अंगणाच्या एका बाजूला, शिक्षकांची दुसऱ्या बाजूला. मध्ये चाळीस-एक पावलांचे अंतर. मध्यरात्री वीज गेली. सातपुड्यातली अवसेच्या आसपासची रात्र, किर्र काळोख. त्यात पलीकडून एका मुलाचा आवाज आला, ‘सर! सर!’ आवाज रडका होता. मी जागाच होतो. विजेरीचा मसाला संपला होता, मोबाइल बंद पडला होता. मी उठून दारापर्यंत गेलो, कडीवर हात ठेवला, आणि तो हात तेथेच राहिला. मुलाने आणखी दोनदा हाक मारली. मग ओसरीवर निजलेला आमचा भृत्य उठला. साठीला आलेला, दम्याने खोकणारा माणूस. अनवाणीच अंगण ओलांडून गेला आणि पहाटेपर्यंत त्या मुलाच्या उशाशी बसून राहिला. मुलाचे पोट दुखत होते आणि घराची आठवण येत होती, एवढेच.

सकाळी तो मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘सर, मैंने आपको आवाज़ दी थी.’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता. सरांना ऐकू आले नसेल, अशी त्याची पुरती खात्री होती. मी म्हणालो, ‘बेटा, नींद लग गई थी.’

सत्य बोलावे या विषयावर मी आजवर किती मुलांकडून निबंध लिहवून घेतले असतील! त्या सकाळी मी अकरा वर्षांच्या मुलाशी खोटे बोललो. आणि ते भीतीपोटी नव्हे. भीती रात्रीबरोबरच ओसरली होती. मी खोटे बोललो ते लाजेपोटी. भगिनींनी भाचीचे लग्न चुकविले त्यातही अंधाराचा वाटा अर्धाच असावा. गुडघ्याचे निमित्त सांगावे लागले, हा उरलेला अर्धा वाटा लाजेचा. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की, या दुखण्यात भीती स्वस्त असते. महाग पडते ती लपवाछपवी.

पचमढीहून परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. प्रथम डोळ्यांविषयी. आपल्या दृष्टिपटलात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. दिवा मालवल्यावर दंडपेशींना आपले काम पुरतेपणी हाती घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे अंधार सर्वांत दाट वाटतो तो पहिल्या काही मिनिटांत, आणि घाबरणारा माणूस दिवा पुन्हा लावतो तोही याच मिनिटांत. गेलेला अंधुक उजेड परत येईल इतका धीर त्याने स्वतःच्या डोळ्यांना कधी दिलेलाच नसतो. दुसरी मौज अशी की, दृष्टिपटलाच्या ऐन मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच. त्यामुळे अंधारात एखाद्या आकृतीकडे रोखून पाहिले तर ती विरते आणि नजर किंचित बाजूला वळविली की पुन्हा दिसू लागते. दाराआड कोणी उभे आहे आणि पाहावे तर नाही, या अनुभवाचा उगम पुष्कळदा इतका साधा असतो.

दुसरे वाचले ते दचकण्याविषयी. ख्रिश्चन ग्रिलाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. अचानक मोठा आवाज झाला की माणसाचे डोळे आपोआप मिटतात. तेवढाच आवाज उजेडात आणि अंधारात ऐकविला असता, अंधारात माणसे अधिक जोराने दचकतात, असे त्यांना आढळले. उंदीर, घुशी यांसारख्या निशाचर प्राण्यांना उजेडात भय वाटते. आपण दिवसाचे प्राणी, आपल्याला अंधारात. म्हणजे ही भीती माणसाच्या घडणीतच आहे. कोणात ती मूठभर असते, कोणात सूपभर.

याची साक्ष हवी असेल तर भोपाळकरांना फार दूर जायला नको. दक्षिणेला ४५ किलोमीटरवर भीमबेटका आहे. आपल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असे हे स्थळ. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली ते जगाच्या नजरेस आणले आणि २००३ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली. मी मुलांना घेऊन तेथे अनेकदा गेलो आहे. चित्रांतली हरणे आणि रानगवे पाहून मुले हरखून जातात. माझी नजर मात्र त्या खडकांच्या आडोशाकडे लागते. पाठीला दगड, डोक्यावर छत आणि समोर दूरवर दिसेल अशी मोकळी बाजू. भोवतालच्या रातापानीच्या जंगलात आजही वाघ आहेत. त्या काळी किती असतील याचा अंदाजच केलेला बरा. रात्री ज्याला मुळीच भय वाटत नव्हते असा माणूस तेथे फार दिवस टिकला नसावा. तेव्हा आपण सारे कोणा ना कोणा भित्र्याचेच वंशज आहोत, असे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणतो.

भाषेचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. मराठीत भयाला शब्दांची वाण नाही. पुढे काय होईल याची ती धास्ती, क्षणात बसते ती धडकी, अनोळखी पुढे आले की बिचकणे, आवाज झाला की दचकणे. या सर्वांहून निराळा एक शब्द आहे, धसका. धसका बसायला एक प्रसंग पुरतो, आणि तो प्रसंग सरला तरी धसका मुक्काम ठोकून राहतो. एखाद्याने धसका घेतला असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या मनाला झालेली इजा आपण ओळखलेली असते. इंग्रजी मनोविकारशास्त्राने आघातानंतरच्या अशा अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन १९८० साली आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. आपल्या आजीबाईंना तो फरक आधीपासून ठाऊक होता.

भोपाळात राहून हा शब्द उच्चारला की १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधली रात्र समोर उभी राहते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट मध्यरात्रीनंतर झोपलेल्या वस्त्यांवर पसरला आणि हजारो माणसे गेली. जी वाचली ती अंधारात, डोळ्यांची आग होत असता, कोणीकडे धावतो आहोत हे न समजता धावली होती. पुढे शासनाने मनाच्या दुखण्याकडेही लक्ष दिले. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी १९८५ मध्ये येथे आले आणि शरीराची औषधे देणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी मनाची दुखणी ओळखायला शिकविले. लखनौच्या मनोविकारतज्ज्ञांनीही वस्त्यांत जाऊन तपासण्या केल्या. झोप उडणे, भय, उदासी ही लक्षणे तेव्हा घरोघर होती. ग्रिलाँ यांनीच १९९८ साली व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या सैनिकांवर अंधाराचा प्रयोग केला. ज्यांच्या मनावर लढाईचा आघात कायम राहिला होता ते सैनिक अंधारात इतरांहून कितीतरी अधिक दचकत, असे त्यांना दिसले. तो निष्कर्ष वाचताना मला माझ्या एका सहकारी शिक्षिका आठवल्या. त्यांचे बालपण जुन्या भोपाळात गेले. भर उन्हाळ्यातही त्या रात्री खिडक्या बंद करतात, पण दार मात्र डोळ्यांसमोर राहील असे अंथरूण घालतात, आणि दिवा मालवीत नाहीत. त्यांच्या घरात त्यांना कोणी हसत नाही, कारण त्या घरात साऱ्यांनाच कारण ठाऊक आहे.

त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो आणि आम्ही तलावाच्या या बाजूला, कारखान्यापासून दूर राहत होतो. माझी भीती त्याआधीची आहे. त्या रात्रीचा आधार घेऊन तिला मोठेपण देणे मला पाप वाटते. परंतु एक प्रश्न मी स्वतःला विचारतो. कारण मोठे असले की भीतीला मान, आणि कारण सापडले नाही की हसू, हा न्याय कोणता? छातीतली धडधड दोन्हीकडे सारखीच असते. जबलपूरच्या भगिनींनी तर बेचाळीस वर्षे शेजारी ऐकलेला श्वास एका रात्रीत गमावला. त्यांची भीती अंधाराची आहे की त्या रिकाम्या अर्ध्या अंथरुणाची, हे त्यांनी स्वतःलाच एकदा शांतपणे विचारावे. दुःखाला कधी कधी दुसरे नाव सापडत नाही म्हणून ते भीती हे नाव घेते.

आता उपायांविषयी. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण अनुभवाला खरी आहे, पण तिच्यात औषध नाही. वेदान्त्यांचा दृष्टान्त असा की, दिवा आणला की सर्प नाहीसा होतो आणि दोरी उरते. मला तो पटतो. अडचण एवढीच की, ही दोरी आहे हे मला आधीच ठाऊक असते आणि तरी भीती जात नाही. ज्ञान मनाच्या माडीवर राहते आणि भय तळघरात. माडीवरून कितीही व्याख्यान दिले तरी तळघरात ऐकू जात नाही. तेथे स्वतः उतरावे लागते, एकेक पायरीने.

ही पायऱ्यांची रीत नवी नाही. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला पाहून किंचाळत असे. तो आवडता खाऊ खात असता बाईंनी पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. मग दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. अखेरीस पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. पुढे जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरांनी याच तत्त्वावर मोठ्या माणसांसाठी पद्धतशीर उपचार बसविला आणि १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आज मनोविकारतज्ज्ञ अशा भीतीवर जे उपाय करतात त्यांचा पाया हाच आहे.

पचमढीनंतर दोन महिन्यांनी मी सौ.ला बरोबर घेऊन एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. दवाखान्याच्या दारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नमस्कार केला, तेव्हा परत फिरावेसे वाटले होते. डॉक्टरांनी माझ्याकडून भीतीची शिडी लिहवून घेतली: सर्वांत सोपी पायरी खाली, अवघड वर. पहिली पायरी म्हणजे सौ. शेजारी असता दिवाणखान्यात दिवा मालवून दहा मिनिटे बसणे. दुसरी, ती स्वयंपाकघरात असता एकट्याने तेवढेच बसणे. मग जिना, मग गच्ची. नियम दोनच. रोज करायचे, आणि धडधड ऐन भरात असता उठायचे नाही. उठलो तर मन समजते की, पळालो म्हणून वाचलो. बसून राहिलो तर हळूहळू धडधड आपोआप उतरते, आणि मनाला प्रथमच कळते की, ती उतरते. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मी अकरा वेळा ‘झाली का दहा मिनिटे?’ असे विचारले, अशी नोंद सौ.ने ठेवली आहे.

येथे आई-वडिलांना एक कळकळीची सूचना. वरच्या पायऱ्या माणसाने स्वतः चढायच्या असतात. भित्र्या मुलाला धीट करण्यासाठी अंधाऱ्या खोलीत कोंडणे म्हणजे जिना चढविण्याच्या नावाखाली गच्चीवरून ढकलणे होय. आणि जेवत नाही म्हणून बागुलबुवाला हाक मारणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, बोलावणे सोपे असते. काही घरांतून तो पन्नास वर्षे जात नाही.

वडील मंडळींसाठी आणखी दोन गोष्टी. रात्री दिसत नाही म्हणून भय वाटते की दिसत असूनही वाटते, हे आधी पाहावे. मोतीबिंदू, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, दृष्टिपटलाचे विकार यांमुळे रात्री खरोखरच कमी दिसते. आणि वयाबरोबर डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वेळही अधिक लागतो. तेव्हा प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दुसरे असे की, साठीनंतर न्हाणीच्या वाटेवर, पावलांजवळ, एखादा मंद दिवा असलाच पाहिजे. तो भित्रेपणा नसून शहाणपण आहे. धीटपणा दाखविताना खुब्याचे हाड मोडून घेण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. आणि मन मोकळे करायला घरात कोणी नसेल, तर केंद्र शासनाने २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य, मराठीत किंवा हिंदीत बोलता येते.

भगिनी, आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आता देतो. हा खुळेपणा नाही. वैद्यकाच्या दृष्टीने आजार आहे की नाही हे डॉक्टर ठरवितील. त्याच्या भयाने लग्नकार्य चुकू लागले, तर त्यांना विचारण्याची वेळ झाली एवढे निश्चित. आणि सांगायचे कोणाला? प्रथम सूनबाईंना. मुलगे थट्टेने वेळ मारून नेतात, सुना बहुधा बल्ब आणतात. हा अंक त्यांच्या हाती द्या आणि हे पान काढून ठेवा, म्हणजे आपल्याला तोंडाने सुरुवात करावी लागणार नाही. पुढच्या वेळी नागपूरला जाल तेव्हा भाचीला खरे कारण सांगा. गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा ते तिला अधिक समजेल.

माझे म्हणाल, तर मी बरा झालो असे सांगणार नाही. गच्चीवर पाऊण तास बसता येते, जिना उतरता येतो. गेल्या डिसेंबरात शाळेचे शिबिर पुन्हा पचमढीला गेले, आणि मी हट्टाने बरोबर गेलो. रात्री साडेअकराला विजेरी खिशातच ठेवून अंगण ओलांडले, मुलांच्या खोलीच्या दाराशी थोडा थांबलो, सारी निजली आहेत याची खात्री केली आणि परतलो. येताना पावले अंमळ भरभर पडली, हे कबूल करतो. तो जुना भृत्य आता सेवानिवृत्त झाला आहे. त्याच्या घरी जाऊन मी त्याला त्या रात्रीची हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘मालूम था, साहब. दरवाज़े की कुंडी बज रही थी.’ सात वर्षे त्याने हे कोणाजवळ काढले नव्हते.

तो मुलगा आता महाविद्यालयात शिकतो. त्याला भेटून खरे सांगणे ही माझ्या शिडीची सर्वांत वरची पायरी आहे. ती अजून चढायची आहे. हा लेख लिहिणे तिच्या एक पायरी खालचे.

आमच्या खोलीतला हिरवा दिवा अद्याप जळतोच. मात्र परवा सौ.ला म्हटले की, आज तो तुझ्यासाठी मालवू या. तिने मालवला. अर्ध्या तासाने मी जागा होतो आणि ती घोरत होती.

आपणांपैकी ज्यांच्या उशाशी असाच एखादा दिवा असेल, त्यांनी अवश्य लिहावे. नावे छापली जाणार नाहीत.